गुणाजीकाकांचा नेम आणि मी कानटोपी

मित्रांनो, मी एक जुनी कानटोपी आहे. चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरात मुलुंडला रुक्मिणीकाकूंनी मेंदी रंगाच्या लोकरीची मला विणली, आपल्या यजमानांसाठी, म्हणजे गुणाजीकाकांसाठी. काका गिरणीच्या नोकरीतून सुटलेले. देवळात कीर्तन असलं की बुवांच्या मागे उभे राहून झांज वाजवायचे, पद उचलून धरायचे. माघी गणेश जयंतीच्या कीर्तनाची तर ते वर्षभर वाट पाहत.

त्या हिवाळ्यात थंडी झोंबरी होती. काका पहाटे गार पाण्याने आंघोळ करून, ओल्याच केसांनी डोंगराच्या पायथ्याशी सूर्यनमस्कार घालायला जात. मी मात्र खिशात! सूर्यदेवापुढे डोकं झाकायचं नाही, असा त्यांचा नेम.

जयंतीला सहा दिवस उरले होते. नवव्या नमस्काराला काकांचा श्वास अडकला, छाती आवळली. शेजारचे अंबादास धावत आले.

"गुणाजी, बस खाली!"

"पंचवीसातले सोळा राहिलेत रे. नेम मोडू?"

"तूच मोडलास तर नेम कोण पाळणार? बस म्हणतो ना!"

रिक्षात घालून त्यांनी काकांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं. "हृदय शाबूत आहे, नशीब समजा. गार हवेने छाती धरलीय. पंधरा दिवस गाणं बंद."

जयंतीला काका श्रोत्यांत कडेला बसले. मी त्यांच्या मांडीवर. ओळखीचं पद सुरू झालं, ओठ हलले, पण आवाज फुटेना. त्यांचे डोळे भरून आले. शेजारीच बायकांत बसलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "अहो, बुवांच्या डोक्यावर काय आहे?"

"फेटा."

"देवासमोरच उभे आहेत ना? रागावला गणपती?"

काकांनी बुवांच्या फेट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आधी नाय सांगलंस गो?"

"आधी ऐकलं असतंत?"

काकांनी तिथेच मला डोक्यावर चढवलं.

पुढे ते उन्हं आल्यावरच बाहेर पडू लागले. आधी घरातच हातपाय मोकळे करायचे, आंघोळ परतल्यावर. घामाने भिजलेली बनियन लगेच बदलायचे. दम लागला की थांबायचे, मोजणी अर्धी राहिली तरी. पुढच्या माघात पद उचललं ते त्यांनीच!

आता मी ट्रंकेत असते. कसरीने दोन भोकं पाडलीत, असो. मित्रांनो, थंडीत व्यायाम जरूर करा, पण अंग उबदार ठेवून. छातीत दुखलं तर थांबा, मोठ्यांना सांगा. राहिलेले नमस्कार सूर्यनारायण उद्याही घेतो.