ओल्या बाभळीचे डेस्क

“सरकार, ही बाभळ ओली हाय. पावसाळाभर पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवावी लागती. आत्ताच डेस्क केले तर सांधे उघडतील,” मुंजाजी सुतार हात जोडून म्हणाला.

“कावून बे, मला लाकूड शिकवतो?” सुंदरराव पाटील पायरीवरून गरजले. “तालीम खात्याचे मोठे सायब, मोहतमीम, पंधरा दिसांत आपला मदरसा तपासाया येनार. तवर शाळेत डेस्क उभे कर. तुझ्या पोराचं, बंकटचं नाव हजेरीत चढवतो.”

सिरसाळ्याकडच्या त्या गावात सुताराच्या मुलाने शाळेत न जाता लाकूड तासायचा वाकसच हाती धरायचा, असा रिवाज होता. पोराला शाळा मिळावी म्हणून आयुष्यात प्रथमच मुंजाजीने जाणूनबुजून कच्च्या लाकडाला रंधा लावला. बंकटला ओट्यावर बसवून दोरीने त्याच्या कोपराची उंची घेतली आणि त्या मापाने सात डेस्क सांधले. मोहतमीमांनी फळीवरून हात फिरवून शाबासकी दिली. बंकटचे नाव लागले.

चैत्राच्या उन्हाने लाकूड आकसले. फळ्या पिळल्या, पाय सांध्यांतून ढिले झाले. एके सकाळी पाटलांच्या नातवासकट एक डेस्क कोसळला आणि नातवाचा ओठ फाटला.

पाटलांनी मुंजाजीला भरल्या शाळेत बोलावून घेतले.

“डेस्क मोडला न्हवं? आता तूच डेस्क हो. मदरसा सुटेपत्तर हाललास तर पोराचं नाव खोडलं समज.”

“सरकार, मी आधीच सांगितलं हुतं...”

“ओणवा हो बे!”

मुंजाजी हातागुडघ्यांवर ओणवा झाला. मास्तरांनी नजर चुकवीत हजेरीची वही त्याच्या पाठीवर ठेवली. पोरे खिदळली.

“हलला की रे डेस्क!” नातू सुजल्या ओठाने ओरडला.

पाटलांनी बंकटला पुढे ओढले. “ठिव तख्ती बापावर. लिही.”

बंकट मुसमुसत उभाच राहिला. मास्तरांची छडी त्याच्या पोटरीवर बसली.

“लिही, लेकरा,” मुंजाजी जमिनीकडे पाहत म्हणाला. “मी न्हाई हालत.”

पाठीवर बोरूची कुरकुर सुरू झाली. गुडघ्यांत मुरूम रुतला, नाकावरून घाम ठिबकू लागला. मुंजाजी एकेक अक्षर कातडीवर मोजत राहिला.

घंटा झाली. पाटील उठले.

“उद्या बी ये. नवे डेस्क होईपत्तर रोज.”

बंकटच्या खांद्याला धरून मुंजाजी कसाबसा उभा राहिला.

“घंटीच्या आधी यावं का, सरकार?” त्याने विचारले.