बावीस पायऱ्या उतरलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे, आणि शिक्क्याने आपली गोष्ट सांगावी की नाही, याचीच मला अजून खात्री नाही. आयुष्यभर मला तीनच शब्द बोलता आले: 'आवक', 'पोच' आणि 'दिली'. एवढ्या भांडवलावर कोणी आत्मवृत्त सांगत नसते. तरी सांगतो. चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

माझी मूठ बाभळीच्या लाकडाची आहे. युसूफ वडगावच्या बाजारात पोळपाट-लाटणी विकणाऱ्या एका सुताराने ती घडवली. खरे तर मी लाटणे व्हायचो, पण तुकडा तोकडा पडला, म्हणून शिक्का झालो. आधी मी ग्रामपंचायतीत होतो. पुढे आमच्या गावाला नगरपंचायत झाली, तेव्हा माझे रबर बदलले आणि मूठ तीच राहिली. गावाचे नाव मी सांगत नाही. बीड जिल्ह्यातले आहे, एवढे पुरे.

नगरपंचायतीला इमारत मिळाली ती वरच्या मजल्यावर. खाली दुकानांचे गाळे आहेत आणि त्यांच्या मधून बावीस पायऱ्यांचा जिना वर येतो. जिना संपला की समोरच आवक टेबल लागते. त्या टेबलावर मी बसायचो, आणि माझ्यामागे बसायचे केदारनाथअप्पा. अप्पा फार भिडस्त माणूस. चिवडा बांधून आलेला कागदसुद्धा ते चिवडा संपल्यावर वाचत, पण मुख्याधिकारी साहेबांशी चार वाक्ये बोलायची म्हटली की ते दारातूनच परत फिरत.

माझे काम साधे होते. कोणी अर्ज आणला की अप्पा तो ठेवून घेत आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर मला दाबत. त्याचा अर्थ इतकाच, की तुमचा कागद आमच्यापर्यंत पोहोचला. गणपतीची मिरवणूक, पोळ्याच्या बैलांची मिरवणूक, उरुसाचा संदल, नवरदेवाची वरात, सगळ्यांचे अर्ज माझ्या खालून गेले. सार्वजनिक रस्त्यावर काही काढायचे तर पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. रस्ता कोणता, वेळ कोणती, स्वयंसेवक कोण, हे लिहावे लागते. पोलिसांची ना-हरकत लागते. आठवडी बाजाराच्या दिवशी मुख्य रस्ता मिळत नाही. हे सगळे जुळले तर साहेब सही करतात, अटींचा कागद जोडला जातो आणि त्यावर गोल शिक्का बसतो. परवानगी म्हणतात ती ही. गोल शिक्का साहेबांच्या कपाटात कुलपात राहायचा आणि माझ्याशी कधी बोलायचा नाही.

आता माझ्या चुकीबद्दल सांगायला हवे. ते टाळता आले असते तर टाळले असते.

बसस्थानकासमोर सत्यशीलाताईंचे झेरॉक्सचे दुकान आहे. ताईंचे पाय लहानपणीच गेले. त्या हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवरून फिरतात. गेल्या वर्षी त्यांनी ठरवले, की तीन डिसेंबरला, म्हणजे दिव्यांग दिनाला, गावातल्या अकरा तीनचाकींची मिरवणूक बसस्थानकापासून तहसीलपर्यंत मुख्य रस्त्याने काढायची. अर्ज त्यांनी लिहिला. पण बावीस पायऱ्या त्या कशा चढणार? म्हणून कुबड्या घेऊन हनुमान वर आला. हनुमान म्हणजे ताईंच्या शेजारी मोबाईल दुरुस्त करणारा, तोंडाचा फटकळ गडी.

"आधी आमाला अपंग म्हणायचे, आता दिव्यांग म्हणत्यात," तो धापा टाकत म्हणाला. "जिना मातर तेवढाच हाय."

अप्पांनी मला उचलले आणि दाबले. त्या दिवसांत माझ्या खाचांमध्ये शाई वाळून गच्च बसली होती. 'आवक' पुसट उमटले. 'पोच'चा नुसता जांभळा डाग पडला. ठळक उमटले ते फक्त 'दिली'. हनुमानने कागद पाहिला आणि जिन्यावरूनच ओरडला, "दिली! ताई, परवानगी दिली!"

अप्पांना हाक मारायची होती. पण त्यांचा आवाज निघेपर्यंत तो खाली पोहोचला होता.

पुढचे मी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी आमचा शिपाई सटवा याने टेबलाला टेकून ते सांगितले. मिरवणूक चौकात आली तेव्हा पोलीस जमादारांनी कागद मागितला. तो उजेडात धरून ते म्हणाले, "ही तर पोच हाय. परवानगी कुठंय?" वर तो दिवस नेमका बाजाराचा. अकरा सायकली भर बाजारात मागे वळवाव्या लागल्या. तीनचाकी जागच्या जागी वळत नाही. लोकांनी भाजीच्या पाट्या उचलल्या तेव्हा कुठे वाट झाली, आणि कोणीतरी मागून ओरडले, "बघा बे, मिरवणूक रिव्हर्समधी निघाली!"

एखाद्याला पोच नसली तर लोक हसतात. मी तर रोज पोच देणारा, आणि माझ्यामुळे लोक भलत्यांनाच हसले. अप्पांनी त्या दिवशी जुना ब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन माझी एकेक खाच धुतली. दुपारचा डबासुद्धा त्यांनी उघडला नाही.

मला वाटले होते, ताई आता पुन्हा अर्ज करणार नाहीत. माझा अंदाज सपशेल चुकला.

या वर्षी मिरवणुकीच्या वीस दिवस आधी त्यांचा अर्ज आला. रस्त्याचा नकाशा हाताने काढलेला होता. पोलीस ठाण्याला पायऱ्या नाहीत, म्हणून ना-हरकत त्यांनी स्वतः जाऊन आणली होती. या वर्षी तीन डिसेंबरला बाजारही नव्हता. कागदात काढायला खोट नव्हती. तरी साहेबांनी खाली जिन्याशी थांबलेल्या ताईंना सटवाकडून निरोप धाडला, की शाळेच्या मैदानात करा, मांडव टाकून देतो, परवानगी आजच्या आज देतो.

जिन्यातून ताईंचे उत्तर वर ऐकू आले. "मैदानात आमाला कोण बगणार, सटवाभाऊ? आमी रस्त्यानं जातो हे लोकाला दिसू द्या. साहेबाला सांगा, रस्ताच पायजे."

साहेबांनी अखेर सही केली. पण परवानगी तीन दिवस आधी घ्यायची असते, आणि त्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी कागद अडला. नियमात ओळ होती: 'अर्जदाराने समक्ष हजर राहून अटी मान्य असल्याची सही करावी.' साहेब म्हणाले, "त्यांना वर बोलवा."

सटवा खाली, जिन्याशी थांबलेल्या ताईंकडे गेला. तो मनाने चांगला आहे. तो म्हणाला, "ताई, काळजी कावून करता? आमी चौघं मिळून खुर्चीत बसवून उचलून नेतो की."

"मी काय सिमेंटचं पोतं हाय?" ताई म्हणाल्या. "मला कुणी उचलायचं न्हाई. नियमात समक्ष लिवलंय, वर लिवलं न्हाई. मी हितं समक्षच हाय. साहेब न्हाईत."

सटवाने हे जसेच्या तसे वर येऊन सांगितले. साहेब हसले आणि फोन घेऊन बसले. दुपार झाली. एकेक करून बाकीच्या सायकलीही खाली येऊन उभ्या राहिल्या. "भिताडाला लागून उभे ऱ्हावा," ताईंचा आवाज आला. "वाट अडवली तर तिची बी परवानगी काडावी लागंल!" खाली हशा पिकला. साडेचार वाजले. सव्वासहाला कार्यालय बंद होणार होते.

मी अप्पांकडे पाहत होतो. त्यांनी नियमांचे पुस्तक काढले, ते पान वाचले, मिटले, पुन्हा उघडले. मग ते उठले.

"साहेब," ते दारात उभे राहून म्हणाले, "समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. वर की खाली, ते यात दिलेलं नाही. मी खाली जाऊन सही घेतो."

"कागद आणि शिक्के ऑफिसच्या बाहेर जात नसतात, अप्पा. तुम्हाला मी सांगायचं का?"

अप्पांनी नियमांचे पुस्तक पुढे धरले. "जिना ऑफिसातच येतो, साहेब. मी शेवटच्या पायरीच्या खाली उतरणार नाही."

साहेबांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. "न्या. गोल शिक्काही न्या."

पण अप्पा इतके गोंधळले होते, की किल्ली तिथेच राहिली. त्यांनी फाईल घेतली, शाईची डबी घेतली आणि सवयीने मलाच मुठीत धरले. अशा रीतीने, मित्रांनो, मी पहिल्यांदा जिना उतरलो. रोज माणसे धापा टाकत का येतात, हे मला त्या दिवशी कळले. पायऱ्या उंच होत्या, आणि भिंतीला धरायला काहीच नव्हते.

शेवटच्या पायरीवर अप्पा बसले. समोर सायकलवर ताई होत्या. दोघांची नजर एका पातळीवर आली. अप्पांनी मला बाजूला ठेवले तशी हनुमानने मान वाकडी करून माझी अक्षरे उलटी वाचली.

"अप्पा, औंदा बी पोचच का?"

अप्पांचा चेहरा उतरला. "चुकून… गोल शिक्का वरच राहिला. आत्ता आणतो."

"थांबा," ताई म्हणाल्या. "आदी अटी वाचा. सगळ्या. मोठ्यानं."

अप्पांनी कधी कोणासमोर मोठ्याने वाचले नव्हते. त्यांनी सुरुवात केली तेव्हा पहिल्या दोन अटी कोणाला ऐकूच गेल्या नाहीत. तिसरीपासून आवाज लागला. खांबांना फलक बांधू नयेत. भोंगा लावू नये. रुग्णवाहिकेला वाट द्यावी. जाताना कचरा टाकू नये. सातवी अट होती: 'मिरवणूक वाटेत कोठेही थांबवू नये.'

"ही मान्य न्हाई," ताई म्हणाल्या.

"ताई, सही करून टाका की," सटवा कळवळून म्हणाला. "कोण बगतंय सातवी अट?"

"जमादार बगत्यात. गेल्या साली बगितलं न्हवं? तुमच्या ह्या दारासमोरच गटारीची फरशी फुटलीय. चाक अडकतं. उतरून ढकलायला आमी काय पायावर हाव का? हितं थांबावंच लागंल. जे पाळता येणार न्हाई त्याच्यावर मी सही करणार न्हाई."

मग त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, मांडीवर घेतला आणि तिथेच अर्ज लिहिला. विषय: अट क्रमांक सात. खाली त्यांनी लिहिले, की एकतर फरशी बसवावी, नाहीतर तेवढ्या जागी थांबण्याची मुभा द्यावी. त्याची दुसरी प्रतही त्यांनी लिहिली आणि अप्पांपुढे धरली. "घ्या. पोच द्या."

अप्पांनी मला शाईत टेकवले आणि फाईलच्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून दाबले. मित्रांनो, इतका स्वच्छ मी कधी उमटलो नव्हतो. 'आवक' उमटले, 'पोच' उमटले, 'दिली' उमटले. ताईंनी तिन्ही शब्दांवरून बोट फिरवले. "आता कळतंय," त्या म्हणाल्या. "आता परवानगी आणा."

अप्पा पायऱ्या चढून गेले. वर काय बोलणे झाले ते मला कळले नाही, कारण मी खालीच राहिलो होतो. पण परत येताना दोन माणसांची पावले वाजली. साहेब गोल शिक्का हातात घेऊन स्वतः आले होते.

"कुठंय ती फरशी?" त्यांनी विचारले.

"दाखवते. चला," ताई म्हणाल्या, आणि सायकल वळवली. साहेब त्यांच्यामागे चालत गेले. फुटक्या फरशीत ताईंनी मुद्दाम पुढचे चाक घातले. ते रुतले. साहेबांनी ओणवे होऊन ते दोन्ही हातांनी बाहेर काढले. त्यांच्या पांढऱ्या बाहीला चिखल लागला. पायरीवर येऊन त्यांनी सातव्या अटीपुढे स्वतःच्या हाताने लिहिले: 'कार्यालयासमोरील गटारीची जागा वगळून, फरशी बसेपर्यंत.' ताईंनी सही केली. गोल शिक्का बसला. सहाला पाच मिनिटे कमी होती.

दोन डिसेंबरच्या संध्याकाळी नवी फरशी बसली.

तीन तारखेला मी टेबलावर होतो. सायकलींच्या घंटा ऐकू आल्या तसे अप्पांनी मला उचलले आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. त्यांनी तसे का केले, मी विचारू शकत नाही. मुख्य रस्त्यावरून अकरा तीनचाकी एका ओळीत येत होत्या. पुढे ताई होत्या. बाजूने हनुमान कुबड्यांवर चालत रस्त्यावरच्या लोकांना सांगत होता, "सरका, सरका, औंदा परवानगी हाय!" दुकानदार पायऱ्यांवर आले होते. कोणी हसत नव्हते. आमच्या दारात साहेब, सटवा, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि साहेबांनी हात करून ताईंना क्षणभर थांबायला सांगितले.

सत्यशीलाताईंनी नकारार्थी मान हलवली आणि त्या सायकल चालवत राहिल्या. थांबायची मुभा फुटक्या फरशीपुरती होती, आणि तिथे आता नवी फरशी होती. एकामागून एक अकरा सायकली तिच्यावरून न अडखळता तहसीलकडे गेल्या.

मित्रांनो, आता पोच संगणकावर येते आणि मी खणात असतो. त्याची मला तक्रार नाही. फक्त एवढेच सांगावेसे वाटते. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले कोणी वरच्या मजल्यावर बसाल. कोणाचा कागद एकटाच वर आला, तर तो घेऊन स्वस्थ बसू नका. खाली कोण थांबले आहे, ते उतरून बघा.