धूळपाटीवरचे कमूचे बोट

मित्रांनो, मला नाव आहे, पण हल्ली त्या नावाने कुणी हाक मारत नाही. मोखाड्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर शाळा आहे, तिथली मी जुनी धूळपाटी. मोडक्या बाकाच्या फळ्यांतून सुताराने मला घडवले, चारी बाजूंनी बोटभर काठ ठोकला आणि वनमालाबाईंनी नदीची वाळू चाळून माझ्यात पसरली.

बाई जव्हारहून जीपने येत. पहिलीच्या पोरांना त्या लगेच पुस्तक देत नसत. "आधी गोल काढ, मग पाहून तस्साच चौकोन," म्हणत. डोळ्यांनी पाहिलेले बोटाला काढता आले, की अक्षर ओळखणे सोपे जाते, असे त्यांचे ठाम मत होते.

पहिलीतल्या कमूचा चौकोन मात्र बटाट्यासारखा व्हायचा. "कोपऱ्यावर थांब, मग वळ," बाई तिचे बोट धरून सांगत. त्या बोटाला जरा कुठे कोपरा सापडू लागला आणि बाईंची बदली झाली.

नवे हर्षल गुरुजी वाईट नव्हते हो! पण वाचनाची तपासणी तोंडावर आली होती. "वाळूत खेळण्यात वेळ नको," म्हणाले नि मला खिचडीच्या खोलीत धाडले. तिथे खिचडी शिजवणाऱ्या सुनिताबाई माझ्यावर तांदूळ निवडू लागल्या. काठामुळे दाणा सांडत नाही, एवढेच काय ते माझे कौतुक.

दारातून वर्ग दिसे. सगळी पोरे एका सुरात धडा म्हणत, त्यात सर्वांत खणखणीत आवाज कमूचा. तीन वर्षे अशीच गेली. यंदाही तपासणीचे साहेब आले, खूश झाले, टाळ्या वाजवल्या. चौथीतल्या कमूच्या हातात पुस्तक उलटे होते. ते फक्त मला दिसले.

मग दिवाळी सरली आणि तिचा बाप सखा शाळेत आला. घरचे सगळे वीटभट्टीवर निघाले होते, धाकट्याला सांभाळायला कमू हवी होती.

"पोर वाचती झाली आसंल तर आजीपाशी ठेवतो," तो सुनिताबाईंना म्हणाला. "नायतर इथं बसून काय करंल?"

"अरे, लय झ्याक वाचते ती!" सुनिताबाईंनी हौसेने कमूला बोलावले.

सखाला आपल्या नावापुरतेच लिहिता येते. माझ्यावरच्या तांदळात त्याने बोटाने ते नाव काढले. "वाच, बाय."

कमूने पाहिले आणि दुसरा धडा घडाघडा म्हणायला लागली.

"माझं नाव हाय गं ते," सखा हळूच म्हणाला.

कमू तांदळावर वाकली. मग तिचे बोट खाली आले, बापाच्या रेघेवरून फिरू लागले, कोपऱ्यावर थांबले, वळले. "स..." ती पुटपुटली. बोट दुसऱ्या अक्षराला टेकले, तेवढ्यात भट्टीवर न्यायला आलेल्या जीपचा हॉर्न वाजला. सखाने तिचा हात धरून उठवले. मी जीव तोडून ओरडत होते, थांब रे, एकच अक्षर राहिलंय! पण लाकडाचे कोण ऐकतो? सुनिताबाईंनी डोळे पुसत तांदूळ सारखे केले.

मित्रांनो, पावसाआधी भट्ट्या बंद होतील, कमू परत येईल. तेव्हा एवढ्या मोठ्या मुलीला वाळूपाशी बसवायला लाजू नका. मला रिकामी करा, नदीची वाळू चाळून भरा आणि तिचे बोट धरा. ती 'ख'वर थांबली आहे.