एक खरं, एक थाप

जमिनीपासून फार वर दिवस काढणारा माणूस एक तर देवभक्त होतो, नाही तर थापाड्या. मी आणि माझे दाजी, आम्ही दोघंही थापाडे झालो.

आम्ही टॉवर क्रेन चालवतो. एकाच बांधकामावर दोन क्रेन, दोन काचेच्या केबिनी. माझी क्रेन उंच, त्यांची बुटकी, त्यामुळे मला ते वरून दिसतात. टक्कल, खांद्यावर टॉवेल आणि मांडीवर लहान मुलांचं एखादं जुनं मासिक. ही मासिकं ते रद्दीवाल्याकडून किलोवर आणतात. माझ्या भाचीसाठी म्हणून आणतात, पण तिच्या हाती पडायच्या आधी ती केबिनमध्ये पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून झालेली असतात. सकाळी शिडीनं वर चढलं की संध्याकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. डबा वर, पाणी वर आणि बोलायला वॉकीटॉकी. खाली उतरल्यावर ते ताईचे नवरे, मोठे, मानाचे. वर असताना मात्र आम्ही एकमेकांच्या जिवावर दिवस ढकलतो.

खेळ त्यांनीच काढला. दोन भारे उचलण्याच्या मधल्या वेळात, जोडीनं सांगायचं. एक खरं, एक थाप. कुठलं कोणतं ते समोरच्यानं ओळखायचं.

"मेव्हणे, शुक्रावरचा एक दिवस तिथल्या एका वर्षापेक्षा मोठा असतो. आणि कोंबडीला रात्री टीव्ही दाखवला तर ती दोन बलकांची अंडी घालते. ओळखा."

मी कोंबडीच्या नादी लागलो आणि तोंडघशी पडलो. माझी भाची आठवडाभर मला टीव्हीवाली कोंबडी म्हणत होती. माझ्या थापा मात्र दाजी बसल्या जागी पकडायचे. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नाहीत. त्यांच्याकडून मी एवढंच शिकलो, की जे ऐकून हसू येतं ते बहुधा खरं असतं. आणि जोडीतलं एक खरं निघालं, की दुसरं थापच. त्यात डोकं चालवायचं काम नाही.

त्या दिवशी दुपारनंतर वारा उठला होता. दाजींच्या हुकाला सळयांचा भारा लागलेला होता आणि खालून इशारा येईपर्यंत तो तसाच लटकत होता. वॉकीटॉकी खरखरला.

"मेव्हणे, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. आणि तो पोहायला लागला की त्यातलं एक थांबतं."

"बरं. आणि दुसरं?"

मग ते म्हणाले, "माझं एकच आहे आणि ते आत्ता थांबतंय असं वाटतंय. छातीवर कुणीतरी बसलंय रे. हातही दुखतोय."

मी विचार केला, अगदी रीतसर केला. ऑक्टोपसचं ऐकून मला हसू आलं होतं, म्हणजे ते खरं. ते खरं, तर दुसरं थाप.

"ऑक्टोपस खरा," मी म्हणालो. "तुमचं हृदय थाप. आज पकडलं की नाही?"

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, हरले म्हणून फुगून बसलेत. मला आनंद झाला. तो आनंद मी डब्यात उरलेलं खात खात चांगला चघळला.

खालून घारीचा आवाज आला. घार म्हणजे आमची इशारेवाली. जमिनीवर उभं राहून दोन्ही क्रेनला वर घ्या, खाली सोडा सांगणारी. दिवसभर मान वर आणि नजर अशी, की वरून पडलेला खिळा तिला पडायच्या आधी दिसतो.

"बुटकी क्रेन, भारा सोडा. बुटकी. दाजी, झोपलात का?"

मी खाली पाहिलं. टॉवेल पडला होता. दाजींचं डोकं काचेला टेकलं होतं आणि तोंड उघडं होतं. भारा होता तिथेच लटकत होता. लिव्हरवरचा हात सुटला की क्रेन आपोआप थांबते, एवढी अक्कल यंत्रालाही असते. ती मला नव्हती.

मी वॉकीटॉकीत ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. त्यांनी डोळे उघडले. माझ्या दिशेला पाहिलं. ओठ हलले, पण बोलणं बाहेर आलं नाही. वॉकीटॉकी हातातच होता.

घारीनं भाऱ्याखालची माणसं हाकलली आणि अग्निशामक दलाला फोन केला. बांधकामावरचे साहेब धावत आले. दाजींची शिडी क्रेनच्या खांबाच्या आतून जाते, एक माणूस जेमतेम मावेल एवढी. वर चढता आलं असतं. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला घेऊन उतरता आलं नसतं. एकच वाट होती. माणसं उचलायचा लोखंडी पाळणा माझ्या हुकाला लावायचा, त्यात सुटका करणारे बसवायचे आणि तो माझ्या क्रेननं दाजींच्या केबिनला नेऊन टेकवायचा.

"वारा जास्त आहे," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे एवढ्या वाऱ्यात माणसं उचलता येत नाहीत. तुम्ही काय म्हणता?"

"नियम घाला चुलीत," मी म्हणालो. "पाळणा लावा."

अग्निशामक दलाची गाडी यायला वेळ लागला. किती, ते मला सांगता येणार नाही. मला तो वर्षासारखा गेला, आणि वर्षही शुक्रावरचं आखूड नव्हे. जवान उतरला तसा त्यानं घारीचा वॉकीटॉकी घेतला आणि मला सांगितलं, "आम्ही पोचेपर्यंत त्यांना जागं ठेवा. काहीही बोला, पण बोलत राहा."

काहीही म्हणजे काय? त्यांच्याशी बोलायची मला एकच रीत माहीत होती.

"दाजी," मी म्हणालो, "तोंडानं बोलू नका. मी सांगतो ते खरं असेल तर बटण एकदा दाबा. थाप असेल तर दोनदा. जिराफाच्या मानेत सात हाडं असतात. आपल्याही सातच."

वाट पाहिली. वाऱ्यानं काच थरथरत होती. मग खस्. एकदा.

मला रडू आलं, आणि ते मी वॉकीटॉकीचं बटण सोडून रडलो.

"घोडा झोपेत गाणं म्हणतो."

खस्, खस्.

"फुलपाखराला पायांनी चव कळते."

खस्.

अशी मी एकामागून एक लावली आणि लावता लावता माझ्या लक्षात आलं, की माझी सगळी खरी त्यांचीच आहेत. शार्क मासे झाडांपेक्षा जुने, ते त्यांनी सांगितलेलं. एक युद्ध तासाभराच्या आत संपलं होतं, तेही त्यांचं. पाकोळी महिनोन्महिने जमिनीला पाय न लावता उडत राहते आणि झोपही हवेतच काढते, हे तर त्यांनी मला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी खाली बघून घाबरलो होतो तेव्हा. माझं स्वतःचं म्हणावं असं एकही नव्हतं. माझ्याकडे होत्या नुसत्या थापा. थापांनी माणूस जगतो का? मी त्यांच्याच वस्तू त्यांना परत देत होतो आणि त्याही संपत आल्या होत्या. बटणाचा आवाज यायला दर वेळी आधीपेक्षा उशीर होत होता.

एवढ्यात माझा मोबाईल वाजला. ताई.

"हे फोन उचलत नाहीयेत," ती म्हणाली. "पोरीच्या बुटाचा तळ निघालाय. येताना नवे आणायला सांग. नंबर त्यांना माहीत आहे."

"सांगतो."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"वारा आहे."

"सांभाळून रे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी तिला सांगितलं नाही. तिच्या आवाजामागे भाचीची काहीतरी कुरकुर चालली होती आणि मला वाटलं, आणखी थोडा वेळ त्या घरात बुटांचीच काळजी असू दे.

पाळण्यात जवान चढला आणि त्याच्या मागे घार चढली. साहेब नको म्हणत होते. ती म्हणाली, "वरून इशारे कोण देणार, तुम्ही?" आणि दार लावून घेतलं. मी लिव्हर ओढला. पाळणा जमिनीवरून सुटला आणि वाऱ्यानं त्याला लगेच बाजूला ढकललं.

या कामात घाई करता येत नाही. घाई केली की लटकलेली वस्तू झोके घेते आणि झोके थांबेपर्यंत वाट पाहावी लागते. शिकाऊ पोरांना मी स्वतः हे डोळे वटारून सांगतो. आता माझी बहीण विधवा व्हायच्या बेतात होती आणि मला गोगलगायीसारखं चालायचं होतं. एक हात लिव्हरवर, दुसऱ्यात वॉकीटॉकी. मी देवाला शिव्या दिल्या, वाऱ्याला दिल्या, स्वतःला तर अशा दिल्या की त्या लिहिता येणार नाहीत.

पाळणा अर्ध्या वाटेत होता तेव्हा दाजींचे डोळे मिटले.

"दाजी. दाजी, ऐका. ताईचा फोन आला होता. भाचीच्या बुटाचा तळ निघालाय. येताना नवे आणायला सांगितलेत."

काही नाही. मग फार वेळानं, खस्. एकदा. खरं.

"आणि तुम्ही ते बूट घेऊन घरी जाणार आहात."

हे मी बोलून गेलो. मी वाट पाहिली. वॉकीटॉकी कानाला दाबून धरला. खस् नाही, खरखरही नाही. मी परत म्हणालो. मग ओरडलो. डोकं काचेला टेकलेलंच होतं आणि इतक्या दुरून छाती हलते की नाही ते दिसत नव्हतं. मला वाटलं, गेले. माझ्या डोळ्यांदेखत गेले, आणि मदत मागितल्यावर त्यांना माझ्याकडून जे ऐकायला मिळालं ते होतं 'तुमचं हृदय थाप.'

तरी हात चालवावेच लागले. पाळण्यात दोन जिवंत माणसं होती. घार सांगत होती, डावीकडे, अजून, थांबा, खाली, हळू. ती सांगेल तसं मी करत होतो आणि समोरचं सगळं पाण्यातून बघावं तसं दिसत होतं. पाळणा केबिनच्या कठड्याला टेकला. जवान आत शिरला, मागून घार. दोघांच्या पाठींनी दाजी झाकले गेले.

मला विचारायचं धाडस होईना.

"वर ऐकताय का?" घारीचा आवाज आला. "यांचा वॉकीटॉकी बंद पडलाय. बॅटरी संपलीये."

"आणि ते?"

"नाडी आहे म्हणतोय हा, पण फार बारीक आहे. अंगठ्याचं काहीतरी चाललंय यांच्या. मेलेल्या वॉकीटॉकीचं बटण दाबतायत सारखे. दोनदा दाबतात, थांबतात. परत दोनदा. काय म्हणायचंय यांना?"

मला एकदम कळलं. मीच जोडी लावली होती. बुटांचं खरं, मग घरी जाणार ते थाप. ते नियमानं खेळत होते. शुद्ध जाईपर्यंत नियमानं खेळणारा माणूस आणि मी त्याच नियमानं त्यांना मारायला निघालो होतो.

"तुझा वॉकीटॉकी त्यांच्या कानाला लाव," मी म्हणालो. "लावलास? दाजी, मघाशी तुम्ही नियम मोडलात. ऑक्टोपस खरा होता आणि छातीचंही खरं होतं. मी गाढव, मला कळलं नाही. आता मी नियम मोडतोय. बुटांचं खरं आहे आणि घरी जाणार आहात तेही खरं आहे. दोन्ही खरी. ऐकलंत का?"

वारा काचेवर आपटत होता. खाली सगळे माना वर करून उभे होते.

"दाबलं," घार म्हणाली.

"किती वेळा?"

ती अंगठ्याकडे बघत असावी.

"एकदाच."

त्यांनी दाजींना पट्ट्यांनी बांधून पाळण्यात घेतलं. जवान त्यांच्या छातीशी वाकला होता आणि घार एका हातानं त्यांचं डोकं धरून दुसऱ्यानं मला इशारे देत होती. मी पाळणा कठड्यापासून सोडवला आणि खाली न्यायला लागलो, हळू, अगदी हळू. खाली गाडीचं दार उघडून ठेवलं होतं. बुटांचा नंबर मला माहीत नव्हता. तो त्यांनाच माहीत होता.