ताडपत्रीआडचा दिवा

मित्रांनो, मी हायवेच्या कडेला उभा असलेला एक जुना पिवळा दिवा आहे. जळगावहून धुळ्याकडे जाताना एक आंधळं वळण लागतं आणि वळणापलीकडे सिग्नल. तो लाल व्हायच्या आधी मी वळणाच्या अलीकडून लुकलुकू लागतो, म्हणजे भरधाव गाड्यांनी वेग कमी करावा. काम एवढंच; पण ते चुकलं तर माणूस जातो.

बसवलं तेव्हा केवढं कौतुक माझं! साहेबांनी हार घातला. नंतर धूळ पुसायलाही कुणी फिरकलं नाही. पुसायची ती एकटी कुंदाबाई. ती माझ्या पायाशी टरबुजं विकते आणि आल्याबरोबर काठीला फडकं बांधून माझं तोंड पुसते. खोटं कशाला सांगू, तिच्यावर माझा फार जीव.

गेल्या मे महिन्यात ऊन असं पेटलं की डांबर चपलेला चिकटायचं. एके सकाळी तिचे यजमान नथ्थूआबा टरबुजं उतरवून बैलगाडीवरच उभे राहिले आणि माझ्या गळ्याशी ताडपत्री बांधू लागले.

"काय करी ऱ्हायनात?" कुंदाबाईने विचारलं.

"तुना डोकावर सावली करस," आबा म्हणाले.

सावली झाली, पण माझं तोंड झाकलं गेलं. दोघांच्याही ध्यानात आलं नाही, आणि मला कुठे बोलता येतं!

बाराच्या सुमारास आबा दुसरी खेप घेऊन आले. वळणापलीकडे, आडव्या रस्त्यावर त्यांची गाडी सिग्नलला थांबलेली मला उंचावरून ताडपत्रीच्या फटीतून दिसत होती. हायवेचा सिग्नल लाल व्हायची वेळ झाली. मी लुकलुकू लागलो. तेवढ्यात जळगावकडून केळीचा ट्रक आला. अरे, थांब! थांब ना रे! मी जीव तोडून लुकलुकत होतो. ट्रक माझ्यासमोरून सुसाट गेला. तिकडे आबांना हिरवा मिळाला आणि त्यांनी बैल हाकले.

ब्रेक किंचाळले. मग धाडकन आवाज झाला.

कुंदाबाई अनवाणी धावली. वळणावर जाऊन पाहते तो रस्ताभर लाल लाल. ती मटकन खालीच बसली.

"कुंदा! ऊठ वं, टरबूज फुटनात!" आबा ओरडले. बैल बुजून गाडी कलंडली होती. ट्रक बैलांच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबला होता.

थोड्या वेळाने तिघंही माझ्यापाशी आले. ट्रकवाला भिकन शपथा घेऊ लागला. "आईशप्पत आबा, दिवा लागनाच नही!"

"रोज तं लागस," म्हणत आबांनी वर पाहिलं. ताडपत्रीआड मी लुकलुकतच होतो. आबांचा चेहरा पार उतरला.

"मीच बांधी व्हती," ते पुटपुटले.

कुंदाबाईने खस्सकन ताडपत्री ओढली आणि पुन्हा माझं तोंड पुसलं.

आता तिची ताडपत्री चार बांबूंवर आहे. मित्रांनो, माझ्यावर ताडपत्री, वाढदिवसाचे बॅनर, काही म्हणजे काही बांधू नका. लुकलुकणं हीच माझी हाक आहे. रोज बारा वाजत आले, आबांची दुसरी खेप यायची वेळ झाली, की कुंदाबाई गिऱ्हाईक सोडून भर उन्हात येते आणि मी लुकलुकेपर्यंत माझ्याकडे बघत उभी राहते.