साठ फुटांचा फरक

"परत मारा," महिपती म्हणाला.

कमालने पाचवी गोळी झाडली. वेग मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा नोंदी ठेवणाऱ्या कनीजने वहीत उतरवला आणि वही पुढे केली. पाच गोळ्यांच्या वेगात सेकंदाला साठ फुटांचा फरक. महिपतीच्या हातच्या काडतुसांत तो कधी पंधराच्या वर गेला नव्हता.

"उष्मा बघा किती आहे," कमाल म्हणाला. "त्यात वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या बांधकामाचे ट्रक अल रय्यान शहरभर धूळ उडवतायत. वजनकाट्यावर बसली असेल."

महिपती साताऱ्याकडचा. सैन्यात बावीस वर्षं बंदुका दुरुस्त केलेला. निवृत्त झाल्यावर इथं व्यवस्थापक असलेल्या चिपळूणच्या कमालने त्याला कतारच्या या नेमबाजी क्लबात आणलं, त्यालाही नऊ वर्षं झाली. रोज झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या साफ करायच्या, बंदुकीची दारू तोलून भरायची, वर गोळी बसवायची. कणभर दारू कमीजास्त झाली की वेग बदलतो, आणि लांबच्या निशाणावर गोळी वरखाली जाते.

"धूळ न्हाई साहेब. काट्याची सुई मला दोन-दोन दिसतीया. दोन म्हैनं झालं. घरी धाडाल म्हणून बोललो न्हाई."

उद्या क्लबची स्पर्धा होती, आणि महिपतीने भरलेली दोनशे काडतुसं तयार होती.

"उद्याचा दिवस निघू दे, भाऊ," कमाल म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"मारणाऱ्याला वाटंल, आपलाच हात हलला. त्ये बरं न्हवं."

"वरचे विचारतील, मग या माणसाला ठेवायचं कशाला?"

"विचारू द्या."

महिपती काडतुसं भरायच्या खोलीत जाऊन बसला आणि एकेक काडतूस उघडू लागला. गोळी वेगळी, दारू वेगळी. पाठ भरून आली तरी उठला नाही. कनीज शेजारी बसून दारू नव्याने तोलू लागली.

"घाई नको पोरी. सुई थांबू दे, मग वाच."

संध्याकाळपर्यंत ऐंशीच झाली. बाकीच्या नेमबाजांना विकतची काडतुसं द्यायचं कमालने कबूल केलं. खोक्यांवर भरणाऱ्याचं नाव लिहायची इथली पद्धत होती. कनीज पेन घेऊन थांबली.

"काका, नाव तुमचंच ना?"

"ज्यानं तोललं त्याचं."

तिने स्वतःचं नाव लिहिलं. महिपतीने खोका डोळ्यांजवळ नेला, अक्षरं लागेपर्यंत तसाच धरला आणि कपाटात ठेवून दिला.