पांढऱ्यावर पांढरं

रंगाऱ्याने आयुष्यात शेकडो छतं रंगवली होती, पण एकाही छताखाली तो कधी आडवा झाला नव्हता. ते घडलं एका रुग्णालयाच्या महिला वॉर्डात.

वॉर्ड रिकामा केला होता, फक्त कोपऱ्यातली खाट हलवता येत नव्हती. तिच्यावर गाणं शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन टांगलेलं.

"बाई, दोन-तीन दिवस सांभाळून घ्या. छत एकदम पांढरंशुभ्र करून देतो."

"नको हो दादा. दीड महिना हा कोरेपणा बघून माझ्या डोक्यातले सूरच पुसले गेलेत. एक चाल आठवेल तर शपथ."

"वरून हुकूम पांढऱ्याचाच आहे."

"एकदा इथे पडून बघा, मग बोला."

तो हसला, पण त्यांच्या खाटेशेजारी फरशीवर पडला. आणि पडूनच राहिला. वर ना जवळ काही होतं, ना लांब काही. बुडाल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांत त्याने रंगाचे दोन हात दिले. तिसऱ्या दुपारी शिडीच्या घोडीवर चढला तेव्हा हातात बोटभर ब्रश होता, आणि डब्याच्या तळाशी उरलेला चकाकणारा पांढरा ऑइलपेंट. काय काढायचं ते ठरलं नव्हतं. तेवढ्यात खालून गुणगुण ऐकू आली. संथ, पाण्यासारखी. ब्रश त्या चालीवर सरकू लागला. एक पंख, मग दुसरा. लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावं, तसं कुणीतरी त्याचं मनगट हलकेच धरलं होतं. तो खाली उतरला तेव्हा त्याच्यासाठी ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

मेट्रन आल्या, मान वर करून म्हणाल्या, "छान. एक डाग नाही."

संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आलं. बाईंनी डोळे उघडले. त्या पडल्या होत्या तिथून छतभर थवा उजळला होता, पांढऱ्यावर पांढरा. त्यांचे ओठ हलले. चिरक्या आवाजात त्या गाऊ लागल्या.

"हीच चाल!" रंगारी म्हणाला. "दुपारी तुम्ही हीच गुणगुणत होता, म्हणून तर हात चालला."

"मी? मला तर सुई देऊन झोपवलं होतं. आत्ता जाग आली." त्या थांबल्या. "आणि ही चाल आत्ताच सुचली हो मला."

दोघांनीही वर थव्याकडे पाहिलं.

महिन्याभराने बाई कुबडी घेऊन घरी गेल्या. रंगाऱ्याने एका रविवारी स्वतःच्या घरच्या छतावर तसाच थवा काढायला घेतला. दिवसभर मान मोडली, उमटले ते नुसते फराटे. बायको आडवी होऊन बघत म्हणाली, "अहो, ही पाखरं की मारलेले डास?"

तो खो खो हसला. "येत नाही गं मला."

"मग तिथे कसं आलं?"

"ते मी कुठे काढलं!" म्हणाला, आणि ब्रश धुवायला बसला.